पांगसारची ओ

"चालत का आलीस?"

"पाय आहेत म्हणून."

"हाक मारायची होती."

"मारली होती."

"मग चार घरांत एकालाही ऐकू आली नाही? चारही घरांचे कान एकाच दिवशी गेले?"

"वारा उलटा होता."

"धुक्यात वारा? आना, ती दारातली पताका बघ. सकाळपासून हलली तरी आहे का?"

घळ चढून मी धापा टाकत पांगसारला पोचले तेव्हा भांडण इथवर आलं होतं. मोठी, चोझोम, अंगणात एका ओंडक्यावर बसली होती. तिच्या नेसलेल्या किराची कड गुडघ्यापर्यंत ओली आणि एक कोपर खरचटलेलं. धाकटी, नेतेन, तिच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी. आवाज रागाचा, पण गालांवर रडल्याचे ओघळ अजून ओले. मागे ओसरीत भर सकाळी लोण्याचा दिवा लावलेला. आणि अंगणभर जळणाच्या मोळ्या.

मोळ्या बघितल्या आणि काय झालं असेल ते माझ्या लक्षात आलं.

"कोण गेलं असं वाटलं तुम्हाला?" मी विचारलं.

"ते विचारू नकोस," नेतेन म्हणाली.

आमच्याकडे गावाला काही सांगायचं असलं की हाक मारतात. रस्त्याच्या कामाला या, गुरांचा डॉक्टर आलाय, लामा पाठ करायला बसलेत, जे काय असेल ते. गावच्या टोकाला एक उंच खडक आहे. हाकाऱ्यानं त्यावर उभं राहून हाक द्यायची आणि प्रत्येक घरानं ओ द्यायची. शेवटची ओ आल्याशिवाय हाकाऱ्यानं खडक सोडायचा नाही. फक्त एक गोष्ट कधी हाकेनं सांगत नाहीत, ती म्हणजे मरण. मरणाची बातमी उघड्या हवेत फेकायची नसते. हाकाऱ्या स्वतः चालत दारोदार जातो आणि उंबऱ्यापाशी हळू आवाजात सांगतो. म्हणून हाक न देता हाकारी चढण चढून येताना दिसली, की तिनं तोंड उघडायची वाट कुणी बघत नाही. घरटी एक मोळी बाहेर काढतात, चितेसाठी.

त्या सकाळी पांगसारनं तेच केलं होतं. फरक इतकाच, की प्रत्येक घरानं वेगळा माणूस मारला होता. एका घरानं मारली माझीच आई, घळीपलीकडच्या ल्हायुंगमधली. मेमे जुर्मींना, म्हणजे जुर्मी आजोबांना, वाटलं, ल्हायुंगचे मेमे देंदुप गेले. तरुणपणी दोघांनी जत्रेत एकमेकांविरुद्ध बाण मारले होते आणि तेव्हापासून अबोला होता. तर मेमे जुर्मी धुतलेला घो, पुरुषांचा झगा, नेसून, हातात माळ घेऊन अंगणात आले आणि देंदुपसारखा नेम या डोंगरात कुणाचा नव्हता असं चक्क म्हणाले. आता शब्द परत घेता येईना म्हणून ते कुंपणापाशी पाठ फिरवून उभे होते.

नेतेननं मारले होते आपल्या दाजींना. चोझोमच्या नवऱ्याला.

"नवरा गेलाय आणि ही दगडासारखी कोरडी चालत येतेय," नेतेन मला म्हणाली, "म्हणून मला जास्तच रडू फुटलं. आणि वर येऊन ही सांगते काय, तर बैठक. बैठकीसाठी तू माणूस मारलास माझा."

"मी कुठे मारला? तो घरी कण्या शिजवतोय."

"हसू नकोस. घळीत पडलीस ना? ते कोपर काय झालंय?"

"शेवाळ होतं."

नेतेन आत गेली, हळद-तेल घेऊन आली आणि बहिणीच्या कोपराला जरा जास्तच जोरात चोळू लागली. चोळता चोळता, माझ्याकडे किंवा तिच्याकडे न बघता, म्हणाली, "तुझा आवाज गेलाय, आना."

चोझोमनं हात ओढून घेतला. घसा बसलाय, म्हणाली. दोन दिवस लोणी घालून गरम आरा, घरची दारू, घेतली की सुटेल.

*

मी थुजी. ल्हायुंग चिवोगची निवडून आलेली प्रतिनिधी, म्हणजे वरून सरकारची आणि खालून गावची अशा दोन्ही शिव्या खाणारी बाई. पाच-सहा चिवोग मिळून आमचं मेन्दोंग गेवोग होतं, त्याचा मुखिया गुप. चोझोमला मी लहानपणापासून आना म्हणते, मोठी ताई. माझ्या वयाच्या सगळ्याच जणी म्हणतात. आमच्या मुलीही तिला आनाच म्हणतात. ती कुणाची आजी होईल असं कधी कुणाला वाटलं नाही.

हाकेचं काम खरं तर पाळीनं असतं. दर वर्षी एक घर. चोझोमच्या घरावर पाळी आली तेव्हा तिचा बाप नुकताच गेला होता आणि घरात दोघी बहिणी आणि आई. पोरगी खडकावर उभी राहिली तेव्हा लोक हसले होते म्हणे. मक्यातली माकडं हाकलून हाकलून तिचा गळा कसला झालाय हे कुणाला माहीत नव्हतं. तिनं हाक दिली आणि रोंगरी नदीच्या पलीकडून, पांगसारहून, ओ आली. तोवर पांगसारसाठी हाकाऱ्याला खडक उतरून अर्धी घळ खाली जावं लागे. पुढच्या वर्षी ज्याची पाळी होती त्यानं सांगितलं, तू हाक मार, मी तुझ्या शेतात राबतो. त्याच्या पुढच्यानंही तेच केलं. अशी ती पाळी फिरायची थांबली.

एवढा गळा, पण घरात ही बाई कुजबुजल्यासारखी बोलते. तिचा नवरा ङेदुप गवती चहाचं तेल काढायचा, मुळातच अबोल. दोघं चुलीपाशी बसली की आत कुणी आहे की नाही ते बाहेरून कळत नसे. मी एकदा तिला विचारलं होतं, भांडतेस तरी की नाही कधी? ती म्हणाली, "भांडते ना. पण माझ्या आवाजात भांडले तर सगळं गाव ओ देईल."

नेतेन पांगसारला दिली गेली. दिली गेली म्हणते, कारण आमच्याकडे सहसा नवरा बायकोच्या घरी येतो. पण तिचा नवरा एकुलता आणि त्याची आई आंधळी, म्हणून ती गेली. घळ ओलांडून. समोर दिसतं घर, छपरावर वाळत घातलेल्या मिरच्यासुद्धा दिसतात, पण उतरून चढायला अर्धी सकाळ जाते. दोघींची लहानपणापासूनची एक बोली होती. जी आधी जाईल तिच्या चितेवर दुसरीनं पहिलं लाकूड ठेवायचं. यात अवघड काही नव्हतं. चितेला लाकूड आपल्याच चिवोगच्या घरांचं लागतं, बाहेरच्यांचं चालत नाही. पाहुणे सांत्वनाला येतात, आरा आणतात, रडतात, पण लाकडाला हात लावत नाहीत. आणि पांगसारची चार घरं पहिल्यापासून ल्हायुंगचीच होती. कारण जुनी माणसं सांगायची, एका हाकेला ओ देणारी घरं म्हणजे एक चिवोग.

आणि आता त्याच गोष्टीची बैठक होती.

*

गेवोगच्या कचेरीत थिंफूहून दोघं आले होते. त्यातला एक नकाशा दाखवून बोलायचा, त्याला आम्ही नकाशावालाच म्हणायला लागलो, आणि दुसरा त्याचा जोडीदार. बोलणारा पोरगेलाच होता. म्हातारी माणसं त्याला दाशो, म्हणजे मोठे साहेब, म्हणाली की बिचारा कानापर्यंत लाल व्हायचा. त्यानं भिंतीवर सगळा देश टांगला. वीस जिल्हे वेगवेगळ्या रंगांचे. मग आमचा जिल्हा, त्यात गेवोग, गेवोगमध्ये चिवोग. मेमे जुर्मींनी नाक नकाशाला टेकवून विचारलं, यात आमच्या घरची डुकरं कुठे आहेत. सगळे हसले. तोही हसला.

त्याचं म्हणणं असं होतं, की चिवोगच्या हद्दी नव्यानं पक्क्या करायच्यात, मतदान त्यावरच होईल, मदत त्यावरच येईल, आणि लोकांची सोय बघूनच रेघ मारायची आहे. पांगसार आमच्या मेन्दोंगमध्ये आहे. पण पांगसारच्या मागून जाणारा नवा रस्ता खालोंग गेवोगचा. खालोंगचा दवाखाना जवळ, शाळा जवळ. मग रेघ घळीतून का नको?

मेमे जुर्मी उठले. ते वाईट माणूस नाहीत. त्यांची गाय गेली होती पावसाळ्यात. गुरांना टोचायला डॉक्टर ल्हायुंगला येऊन गेला आणि पांगसारला ते दुसऱ्या दिवशी कळलं.

"हाक आलीच नाही," ते म्हणाले. "मी आनाला दोष देत नाही. दर वेळी नेतेनच्या घरून ओ जायची, ती ऐकून आम्ही ओ द्यायचो, आमचा तेवढाच संबंध. त्या दिवशी नेतेन लेकीकडे गेली होती. ओ नाही, म्हणजे हाकही नाही. दाशो, आम्हाला खालोंगमध्ये टाका. त्यांचं सगळं फोनवर असतं आणि आमच्याकडे फोन रस्त्यावरच लागतो."

चोझोम मागच्या रांगेत खांद्यावर तांबडा राचू, बायकांचं मानाचं उपरणं, घेऊन बसली होती. हाक द्यायलाही ती तो घेऊनच जाते, सरकारी काम म्हणून. गुपनं तिला विचारलं तेव्हा ती उभी राहिली आणि त्या घरातल्या आवाजात काहीतरी बोलली. कुणाला ऐकू गेलं नाही. नकाशावाल्यानं नम्रपणे सांगितलं, जरा मोठ्यानं.

"हाक पोचते," ती म्हणाली. "त्या दिवशी मी ओ यायच्या आधी खडक सोडला. ती माझी चूक. हाक पोचते."

मग हात वर करायला सांगितले. खालोंगमध्ये जायला पांगसारची कोणती घरं तयार आहेत?

मेमे जुर्मींचा हात. त्यांच्या शेजारच्याचा. पाणवठ्यापाशी राहणाऱ्या विधवेचा. आणि मग नेतेनचा. तिनं हात कोपरातून वर केला, खांद्याच्याही वर नेला नाही. पण वर केला.

चोझोमनं तो बघितला. नकाशावाल्यानं काहीतरी लिहायला घेतलं होतं. तेवढ्यात ती पुढे आली, सरळ बहिणीसमोर.

"माझ्या चितेवर कोण लाकूड ठेवणार?"

नेतेन म्हणाली, "मर आधी, मग बघू."

कुणीतरी हसलं आणि मध्येच थांबलं. चोझोमनं राचू नीट खांद्यावर घेतला. म्हणाली, "मग उद्या ऐक. मी खडकावरून हाक देते. हे दाशो पांगसारला उभे राहू देत. हाक नाही पोचली तर मीच सांगेन, रेघ मारा."

मेमे जुर्मींना हे पटलं. त्यांना पैज आवडते. ते म्हणाले, "चालेल. ओ दिली तर आम्ही तुमचे. जुर्मी शब्द फिरवत नाही."

नकाशावाल्याला घळ बघायलाच यायचं होतं. तो म्हणाला, मी येतो.

*

त्या संध्याकाळी मी नेतेनकडे मुक्काम केला. नकाशावाले रस्त्यानं गाडीतून सकाळी येणार होते. खरं सांगायचं तर मी तिच्याशी भांडायला गेले होते. जेवताना मिरच्यांच्या रश्श्यानं डोळ्यांतून पाणी आलं. मग म्हटलं, "तू हात का वर केलास?"

"रस्ता जवळ आहे."

"तू रस्त्यानं कधी जातेस?"

ती मक्याचे पोहे कुटायला बसली. उखळात मुसळ पडत राहिलं. मग थांबून म्हणाली, "मी तुला फोन करायचे, आठवतं?"

आठवत होतं. गेलं वर्षभर, दर हाकेनंतर थोड्या वेळानं मला नेतेनचा फोन यायचा. सुनेला घेऊन रस्त्यापर्यंत चढून जायची आणि विचारायची, थुजी, आज हाक कशाची होती? ओ दिली बाई मी, पण शब्द नीट कळले नाहीत. मी सांगायचे, आणि मग ते ती पांगसारभर करायची. मला वाटायचं, हिचे कान गेलेत.

"माझे कान तुझ्याहून चांगले आहेत," नेतेन म्हणाली. "मला ऐकूच यायचं नाही काही. खडकावर तांबडं दिसलं, की मी ओ द्यायचे. तांबडं दिसलं की ओ. सकाळी उठले की आधी तिकडे बघायची, मग चूल. तेवढी ओ गेली की ती खडकावरून उतरायची. ताठ चालत घरी जायची. मला दिसायचं ना इथून."

"तिला माहीत आहे?"

"तिला कळलं तर ती मरेल."

"मग हात कशाला वर केलास? आणखी दिली असतीस ओ."

"बैठकीची हाक होती त्या दिवशी धुकं होतं." तिनं मुसळ बाजूला ठेवलं. "मला खडक दिसला नाही. ओ गेली नाही, आणि गाय गेल्यापासून ती आता ओ आल्याशिवाय खडक सोडून घरी जात नाही. मग निघाली घळ उतरून. त्या शेवाळावरून. या वयात. आता दर धुक्याला ती अशीच येणार, थुजी. एक दिवस कोपर नसेल, डोकं असेल. आम्ही खालोंगचे झालो तर तिला आमच्याकडे हाक मारायलाच नको. मग बसेल घरी."

मी म्हटलं, हे तिला सांग.

"काय सांगू? की तुझा आवाज पोचत नाही आणि मी वर्षभर खोटी ओ दिली?"

"आणि लाकडाचं काय?"

तिनं पोहे सुपात घेतले, पाखडले, पुन्हा पाखडले. कोंडा कधीच उडून गेला होता.

"ती आधी जाऊच नये, असं बघतेय ना मी," ती म्हणाली. "उद्या मी तोंड उघडणार नाही. तूही उघडू नकोस."

*

सकाळ लख्ख होती. धुक्याचा धागाही नव्हता. नकाशावाला आणि त्याचा जोडीदार नेतेनच्या अंगणात कोरे कागद घेऊन उभे होते. नेतेननं त्यांना लोण्याचा चहा दिला होता, तो त्या पोरानं मन लावून संपवला, आणि मग तिनं न विचारता परत भरला. मेमे जुर्मी धुतलेला घो घालून आले. त्यांची बायको तिकडे आपल्या ओसरीवर, विधवा पाणवठ्याजवळ, चौथ्या घरची माणसं कुंपणाला टेकून. नेतेन उखळापाशी बसली आणि कुटायला लागली, जशी काही ही रोजचीच सकाळ होती.

समोर, घळीपलीकडे, खडकावर तांबडा ठिपका आला.

ती उभी राहिली. पाय रोवून घेतले असणार, ती नेहमी आधी पाय रोवून घेते. दोन्ही हात तोंडाशी नेले. मान मागे गेली.

रोंगरीचं पाणी वाजत होतं. कुठेतरी कोंबडी ओरडली. मुसळ पडत होतं.

बाकी काही नाही.

नकाशावाल्यानं कान तिकडे केला. मग मेमे जुर्मींकडे बघितलं. मेमे जुर्मींनी हळूच मान हलवली. त्यांना जिंकल्याचा आनंद झालेला दिसत होता, आणि मग तो हळूहळू जायला लागला, कारण ठिपका तिथेच होता.

ती खाली उतरली नाही. नियमच तसा होता. ओ आल्याशिवाय खडक सोडायचा नाही. ती हात खाली घेऊन वाट बघत राहिली. मग पुन्हा हात तोंडाशी. पुन्हा मान मागे. मी माझ्या नखाकडे बघत होते.

"आता उतरेल ती," नकाशावाला म्हणाला. "आपण इथून हात हलवून सांगू का?"

कुणी हलवला नाही.

तिसऱ्यांदा तिनं हाक दिली तेव्हा ती खडकाच्या अगदी कडेला आली होती. बहुधा टाचा उचलल्या होत्या. इथून टाचा दिसत नाहीत, पण ठिपका जरासा उंच झाला एवढं मी बघितलं.

मुसळ थांबलं.

नेतेन उठली. हात पुसले नाहीत, पोह्यांचं पीठ तसंच होतं बोटांना. अंगणाच्या कडेला गेली, पताकेच्या काठीला एका हातानं धरलं, आणि ओ दिली. लांब, खणखणीत, अजिबात न थरथरणारी. समोरच्या डोंगराला लागून परत आली ती.

आता आमच्याकडे शेजारच्या घरानं ओ दिली की गप्प बसत नाहीत. हे शिकवावं लागत नाही. पाणवठ्यावरून विधवेनं ओ दिली, हंडा कमरेवर असतानाच. कुंपणापासच्या माणसांनी दिली. मेमे जुर्मींच्या ओसरीवरून त्यांच्या बायकोनं दिली, आणि जुर्मी तिच्याकडे रागानं वळले, आणि वळता वळता त्यांच्या तोंडातूनही निघाली. घरचा कर्ता म्हणून शेवटची ओ त्यांचीच असते. बोलून बसल्यावर त्यांनी तोंडावर हात ठेवला.

समोरचा ठिपका खडकावरून उतरला. ताठ, सावकाश, घराच्या दिशेनं.

नकाशावाला कागद धरून उभाच होता. "मला तर काहीच ऐकू आलं नाही," तो म्हणाला. कुणावर आरोप करायचा सूर नव्हता त्याचा. खरंच विचारात पडला होता पोरगा. "मेमे, तुम्हाला आलं?"

मेमे जुर्मींनी तोंडावरचा हात काढला.

"दाशो," ते म्हणाले, "आम्ही ओ दिली. तुमच्यासमोर दिली. रेघ आमच्या मागून मारा, रस्त्याच्या वरून. दवाखान्यात खालोंगवाले काय आम्हाला हाकलून देणार आहेत? गुरांचा डॉक्टर आला की थुजी रस्त्याला फोन करेल, माझा पोरगा तिथे दुकानावर असतोच. करशील ना गं?"

मी हो म्हटलं. हे मला आधी सुचायला हवं होतं.

"मग झालं," जुर्मी म्हणाले. "आणि धुकं असेल त्या दिवशी मी ओ देईन. सकाळी उठून आधी ओ, मग तोंड धुणं." त्यांनी नेतेनकडे तिरकं बघितलं. म्हणजे त्यांनाही माहीत होतं. किती दिवसांपासून, कोण जाणे.

जोडीदारानं नकाशा पाटीवर पसरला आणि पेन्सिलीनं पांगसारच्या मागून, रस्त्याच्या कडेकडेनं, रेघ ओढली. चार घरं मेन्दोंगमध्ये, ल्हायुंग चिवोगमध्ये, होती तिथेच राहिली. मला वाटलं आता नेतेन रडेल. तिनं सुपातले पोहे एका फडक्यात बांधले. टोपली पाठीला लावली, त्यात ते ठेवलं. मग ओसरीखाली जाऊन जळणातलं एक लाकूड उचललं, चांगलं वाळलेलं ओकचं, हातात तोलून बघितलं, आणि परत जागच्या जागी ठेवून दिलं. त्याऐवजी भिंतीला टेकवलेली दोन्ही बाजूंनी तासलेली काठी घेतली, घळ उतरायची.

माझ्या मनात आलं, ही अशी हाक न देता चालत ल्हायुंगला पोचली तर तिकडे सगळे मोळ्या बाहेर काढतील. कुणीतरी आधी ओरडून सांगायला हवं, की कुणी गेलेलं नाही, सगळी आहेत.

नकाशावाला तिच्यामागे दोन पावलं गेला. त्याला ते लिहायचं होतं बहुतेक, आणि स्वतःला कळूनही घ्यायचं होतं.

"आमा," त्यानं विचारलं, "खरं सांगा. तुम्हाला ती हाक ऐकू आली?"

नेतेननं पताकेची काठी जराशी हलवून बघितली, घट्ट आहे का. मग हातातली काठी पुढे टेकवली आणि घळीच्या वाटेनं खाली निघाली.